रिकाम्या गावाची घरपट्टी

मार्चअखेर जवळ आली की अजूनही मला पहाटे जाग येते. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण कोकणातल्या एका नगरपरिषदेच्या कर विभागात चौतीस वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो, कर निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. हिंडताना माणसाची नजर देवळाकडे जाते, डोंगराकडे जाते. माझी दारावरच्या घर नंबरकडे जाते.

त्यामुळे लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा व्हायचं तेच झालं. ती केंट परगण्यात राहते, मार्गेटपासून बसने थोड्याच अंतरावर. मार्गेटमध्ये जुन्या वस्तूंची दुकानं पुष्कळ. एका दुकानात पोस्टकार्डांचं खोकं चाळताना पिवळा पडलेला एक छापील कागद हाती आला. डाव्या बाजूला रकाने, उजवीकडे पौंड-शिलिंग-पेन्स, खाली पावतीची जागा. इंग्रजी वाचायच्या आधीच ओळखलं: मागणी बिल! किनाऱ्यावरच्या एका गावातल्या एका घराची १९४०-४१ ची घरपट्टी. वर्षाचे दोन हप्ते. एप्रिलच्या हप्त्यावर मे महिन्यातला वसुलीचा शिक्का. ऑक्टोबरच्या हप्त्याची जागा कोरी.

"म्हणजे थकबाकीदार," मी पुटपुटलो.

"बाबा, इथेही?" लेक हसली.

दोन पौंड देऊन तो कागद घेतला. ऑक्टोबरचा हप्ता का भरला नाही, एवढं शोधायला उरलेले तीन महिने गेले.

आधी त्यांची पद्धत सांगतो, कारण तिच्यातच सगळं आहे. इंग्लंडातल्या घरपट्टीचं मूळ १६०१ च्या गरीब-साहाय्य कायद्यात. गावातल्या निराधारांना पोसायला गावातल्याच घरांवर पट्टी बसवायची, असा तो व्यवहार. पुढे रस्ते, दिवे, गटारं, पोलीस, शाळा यांचा खर्च त्याच पट्टीवर येत गेला. १९२५ च्या कायद्याने विखुरलेल्या पट्ट्या एकत्र केल्या आणि दर पाच वर्षांनी फेरआकारणी करायची असं ठरवलं. घराला किती भाडं येईल हे गृहीत धरायचं, त्यातून दुरुस्तीची वजावट करायची, उरेल ते करयोग्य मूल्य. आमच्याकडेही हाच हिशेब. दहा टक्के दुरुस्तीचे वजा करताना माझी बोटं आजही आपोआप हलतात. आमचा कायदा त्यांच्याच घराण्यातला.

दर सांगायची रीत मात्र वेगळी. आम्ही टक्के सांगतो, ते पौंडामागे शिलिंग सांगत. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग. म्हणजे चाळीस पौंड करयोग्य मूल्याच्या घराला पौंडामागे बारा शिलिंग दर असेल तर वर्षाला चोवीस पौंड. पालिकेची ऐपत मोजायचं मापही मजेदार होतं. पौंडामागे एक पेनी दर लावला तर गावात किती जमा होईल? त्याला ते 'पेनी रेट' म्हणत. सभेत कुणी नवा बाग काढू म्हणाला की कोषाधिकारी सांगणार, हा दोन पेनींचा बाग आहे. आमच्या सभांत असं कुणी सांगितलं असतं तर निम्मे ठराव जागेवर पडले असते.

खरा फरक पुढे आहे. आमच्याकडे पट्टी भिंतीला लागते. मालक कुठेही असो, घर उभं आहे ना, मग मागणी निघते. कोकणात निम्म्या घरांना कुलूप असतं. चाकरमानी गणपतीत येतात, शिमग्याला येतात, तेव्हा आम्ही पावतीपुस्तक घेऊन वाडीवाडीत हिंडायचो. आरती संपेपर्यंत ओसरीवर थांबायचं, प्रसाद खायचा, मग हळूच तीन वर्षांची थकबाकी काढायची. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात रिकाम्या घराला सर्वसाधारण कराचा ठरावीक भाग परत मिळायची सोय होती, पण मुळात दायित्व मालकाचंच. इंग्लंडात पट्टी माणसाला लागत असे. घरात जो राहतो, घराचा उपभोग घेतो, तो देणेकरी. घर खरोखर रिकामं झालं की पट्टी थांबली. रिकाम्या घरावर पट्टी बसवायची मुभा तिथल्या पालिकांना १९६० च्या दशकात मिळाली.

शांततेत ही पद्धत न्याय्य वाटते. राहणारा दिवे वापरतो, त्यानेच पैसे द्यावेत. पण या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरलेली असते: गाव एकाच वेळी उठून जाणार नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात केंटच्या किनाऱ्यावरची गावं उठून गेली.

मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, रॅम्सगेट, फोकस्टन ही गावं पर्यटकांवर जगणारी. लंडनचे कामगार आगगाडीने यायचे, आठवडाभर खाणावळवजा घरांत राहायचे. गावातल्या करयोग्य मूल्यात हॉटेलं आणि अशी घरं यांचा मोठा वाटा. पालिकेचं इतर उत्पन्नही समुद्राचंच: वाळूवरच्या खुर्च्यांचं भाडं, बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं, धक्क्यावरचा टोल. आपल्याकडे देवस्थानाच्या गावाची पालिका जशी यात्रेवर उभी असते, तशा या पालिका जुलै-ऑगस्टवर उभ्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० च्या अखेरीस फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार सुरू झाली. ४ जूनपर्यंत ३,३८,००० हून जास्त सैनिक खाडी ओलांडून परत आणले गेले. त्यांतले चाळीस हजारांहून जास्त एकट्या मार्गेटच्या धक्क्यावर उतरले, तेवढेच रॅम्सगेटला. माघार चालू असतानाच, रविवारी २ जूनला, किनाऱ्यावरच्या गावांतली शाळकरी मुलं गाड्यांत बसवून आत पाठवली. डोव्हरची मुलं साउथ वेल्सला गेली. जूनमध्ये वॉशच्या आखातापासून दक्षिणेकडे सुमारे वीस मैल रुंदीचा पट्टा संरक्षित क्षेत्र ठरला आणि सहलीला येणाऱ्यांना बंदी झाली. जर्मन स्वारीच्या भीतीने वाळूत सुरुंग पेरले, काठाने काटेरी तार आली. केंट आणि ईस्ट अँग्लियातल्या काही गावांतून चाळीस टक्क्यांहून जास्त लोक निघून गेले. जुलैमध्ये जे. बी. प्रीस्टली हा लेखक मार्गेटला जाऊन आला आणि तिथल्या ओस किनाऱ्याबद्दल रेडिओवर बोलला. त्याने रिकाम्या बाकांकडे पाहिलं असेल. मी त्याच्या जागी असतो तर घरांचे नंबर मोजले असते.

कारण हिशेब असा बसतो. समजा गावाचं एकूण करयोग्य मूल्य २,४०,००० पौंड. पौंडाला २४० पेन्स, म्हणजे पेनी रेटचं उत्पन्न बरोबर १,००० पौंड. बारा शिलिंग दराने वर्षाला १,४४,००० पौंड. आता निम्मं गाव रिकामं झालं. पेनी रेट ५०० पौंडांवर आला. खर्च तेवढाच धरला तर दर चोवीस शिलिंग करावा लागतो. पौंडभर करयोग्य मूल्याला सव्वा पौंडाच्या आसपास पट्टी! मूल्यापेक्षा पट्टी जास्त. जे मागे राहिले, म्हणजे दुकानदार, पालिकेचे नोकर, म्हातारी माणसं, त्यांच्यावर गेलेल्यांचा बोजा. आणि दर असा वाढला की राहिलेल्यांतलेही आणखी काही जाणार, मग पेनी रेट आणखी खाली. वसुलीत काम केलेल्या माणसाला या उताराची भीती सांगावी लागत नाही.

कुणी म्हणेल, माणसं अर्धी झाली तर खर्चही अर्धा होईल. तसं होत नाही. गटार पन्नास घरांचं असो की शंभर, नळ तेवढाच लांब. १९२०-३० च्या दशकांत किनाऱ्यावरच्या पालिकांनी समुद्रालगतचे रस्ते, पोहण्याचे तलाव, सभागृहं बांधायला कर्जं काढली होती. तलावावर तार असो की पोहणारे, कर्जाचा हप्ता येतच राहणार. बचत फक्त एका रकान्यात दिसते: रस्त्यावरचे दिवे. १ सप्टेंबर १९३९ पासून देशभर काळोखाचा हुकूम होता, त्यामुळे दिवाबत्तीचा खर्च उतरला.

शिवाय नवे खर्च आले. हवाई हल्ल्यापासून बचावाची जबाबदारी १९३७ च्या कायद्याने पालिकांवरच टाकली होती. केंद्राचं अनुदान साठ टक्क्यांपासून पुढे, बाकीचं स्थानिक पट्टीतून. वरून बघणाऱ्याला ही वाटणी उदार वाटेल. पण बॉम्ब कुठे पडणार हे भूगोलावर ठरतं. डोव्हर फ्रान्सपासून एकवीस मैलांवर, म्हणून ऑगस्ट १९४० पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत पलीकडच्या तोफांचे २,२२६ गोळे त्या गावावर पडले. आतल्या एखाद्या सुखरूप परगण्याला एवढ्या ढिगाऱ्यांचा हिशेबच ठेवावा लागला नाही. पट्टी मात्र दोघांनी आपापल्या गावापुरती भरायची.

रॅम्सगेटची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, कारण तिच्यात एक नगराध्यक्ष आणि एक नगर अभियंता आहे. महापौर ए. बी. सी. केम्प उंच टोपी घालून हिंडणारा, अभियंता आर. डी. ब्रिमेल. गावाखाली खडू दगड आहे, कोरायला सोपा. त्यात खोल बोगदे खणून सगळ्या गावाला आसरा द्यायचा, असा आराखडा दोघांनी केला. वरून नकार आला. त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर मंजुरी मिळाली आणि १ जून १९३९ ला, युद्ध सुरू व्हायच्या तीन महिने आधी, पहिला भाग उघडला. २४ ऑगस्ट १९४० ला काही मिनिटांत सुमारे पाचशे बॉम्ब रॅम्सगेटवर पडले. बाराशेच्या आसपास घरांना तडाखा बसला, एकतीस माणसं गेली. एवढ्या माऱ्यात आकडा तिथेच थांबला तो बोगद्यांमुळे. पुढे बेघर झालेली कुटुंबं त्या बोगद्यांतच संसार मांडून राहिली.

मी ते बोगदे बघायला गेलो. आत गारवा होता आणि वाटाड्या केम्पच्या टोपीबद्दल रंगून सांगत होता. माझ्या डोक्यात दुसरंच. बाराशे घरं म्हणजे आकारणी यादीतल्या बाराशे नोंदी. पडलेल्या घराला पट्टी नाही, मोडलेल्या घराचं मूल्य कमी करावं लागणार. एका दिवसात गावाचं उत्पन्न घटलं, आणि त्याच दिवशी ढिगारे उपसायला माणसं लावावी लागली. बोगद्यात राहणाऱ्यांची कुणी आकारणी केली नसेल, अशी आशा आहे. केली असती तर तो माणूस माझ्या जातकुळीतला.

गावातली मोठी हॉटेलं सैन्याने ताब्यात घेतली. खोल्या भरलेल्या, पण राजसत्तेची मालमत्ता किंवा तिचा ताबा असेल तिथे तेव्हाच्या कायद्याने पट्टी लागत नसे. सरकार पट्टीच्या बदली काही रक्कम देत असे, ती सरकारचा मूल्यनिर्धारक ठरवणार. आमच्याकडे रेल्वेच्या जागांचा सेवाशुल्काचा वाद ज्याने हाताळला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. समोर इमारत आहे, माणसं आहेत, नळ चालू आहे आणि बिल काढता येत नाही.

आता माझ्या पिवळ्या कागदाकडे येतो.

घर सोडून गेलेल्याला पट्टी नाही, असं वर म्हटलं. पण सोडणं म्हणजे काय? इंग्लंडच्या कायद्यात एक बारीक मेख होती. माणूस गेला पण परत यायच्या इराद्याने पलंग-कपाटं घरात ठेवून गेला, तर सामान हीच त्याची वहिवाट. घर व्यापलेलं, पट्टी चालू. सगळं सामान गाडीत घालून नेलं तर घर रिकामं, पट्टी बंद. शांततेच्या काळात ही मेख बरोबर आहे, नाहीतर प्रत्येक जण सुट्टीवर जाताना सूट मागेल. पण जून १९४० मध्ये सूटकेस आणि मुलं घेऊन स्टेशनकडे धावलेल्या बाईने जेवणाचं टेबल कशात घालून न्यायचं? ज्याच्याकडे ट्रक ठरवायला पैसे होते तो पट्टीतून सुटला. जिच्याकडे नव्हते ती टेबलामुळे देणेकरी झाली.

ही अडचण लंडनला कळायला वेळ लागला नाही. १९४० सालीच नियम निघाले: ठरवून दिलेल्या स्थलांतरित भागातून निघून गेलेल्यांकडून घरभाडं, पट्टी, गहाणाचं व्याज यांची वसुली तूर्त थांबवावी. थांबवावी, माफ नव्हे. स्थगिती आणि माफी यांतला फरक माझ्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या हजारो लोकांना मी समजावला आहे, आणि समजावताना समोरचा चेहरा कसा उतरतो तेही पाहिलं आहे. नोंदवहीत आकडा उभाच राहतो. साठलेल्या अशा देण्यांची तडजोड करून द्यायला १९४१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आणि त्याच वर्षीच्या युद्धहानी कायद्याने घरमालकांवर पाच वर्षांचा नवा हप्ता आला, वार्षिक मूल्याच्या पौंडामागे दोन शिलिंग. बॉम्बने पडलेली घरं उभी करायला देशातल्या सगळ्या मालकांनी भरायचं. ओस पडलेल्या खाणावळीच्या मालकिणीलाही त्यातून सुटका नव्हती. तरी या कायद्यात एक समज दिसते, जी पट्टीत नव्हती: ज्याच्यावर बॉम्ब पडला त्याने एकट्याने सोसू नये.

पालिकांचं काय? वसुली थांबवा म्हणणं सोपं, पगार कशातून करायचे? सरकारने किनाऱ्यावरच्या अशा पालिकांना आगाऊ रकमा देऊन चालतं ठेवलं. त्यांतलं किती परत करायचं, कधी, हा प्रश्न या गावांचे खासदार पार्लमेंटात पुन्हा पुन्हा काढत राहिले. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर, किनाऱ्यावर तार आम्ही लावली नाही, तुम्ही लावलीत. पाहुणे आम्ही थांबवले नाहीत, तुम्ही थांबवलेत. संकट देशाचं आहे, मग बिल गावाच्या नावाने का फाडता?

याला सरळ उत्तर युद्धकाळात मिळालं नाही. तुकड्यातुकड्याने मिळत गेलं. ऑगस्ट १९४१ मध्ये गावोगावची अग्निशमन दलं एका राष्ट्रीय दलात घातली, कारण आग एका पालिकेच्या हद्दीत थांबत नाही हे ब्लिट्झच्या बॉम्बवर्षावात कळलं होतं. १ एप्रिल १९४४ ला फ्रान्सवरच्या चढाईच्या तयारीसाठी किनारपट्टीत पुन्हा प्रवेशबंदी आली. १ एप्रिल! आमच्या धंद्यातला वर्षाचा पहिला दिवस. कुणा कोषाधिकाऱ्याने त्या वर्षी खुर्च्यांच्या भाड्याचे चार पैसे अंदाजपत्रकात धरले असतील तर ते त्याच दिवशी खोडले असणार. युद्ध संपल्यावर १९४८ च्या कायद्याने गरीब पालिकांना देशाच्या तिजोरीतून समतोल साधणारं अनुदान सुरू झालं. ज्या भागाचं माणशी करयोग्य मूल्य सरासरीच्या खाली, त्याला वरून भर. तोवर पाच-पाच वर्षांची फेरआकारणी मात्र विसरली गेली होती. १९३४ नंतरची नवी यादी अमलात आली ती १९५६ मध्ये. बावीस वर्षं घरं जुन्याच भाड्यांनी मोजली जात होती.

हे वाचताना मला मुंबई आठवली. तिथे युद्धाने उलटा प्रकार केला. गिरण्या आणि गोदी यांना काम वाढलं, माणसं आत आली, भाडी चढू लागली, म्हणून ती बांधून घातली. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाण भाड्यासाठी पाहिलेली तारीख १ सप्टेंबर १९४०. करयोग्य मूल्य प्रमाण भाड्यावर, म्हणून महापालिकेचा करही त्या तारखेला अडकला. भाडे कायदा बदलायला १९९९ उजाडलं, मुंबईची करपद्धत भांडवली मूल्यावर गेली ती २०१० मध्ये. मार्गेट रिकामं झालं, मुंबई भरली, आणि दोन्हीकडच्या कर खात्यात ते युद्ध शांतता झाल्यावरही चालू राहिलं.

परत आल्यावर एका रात्री मला २००५ चा जुलै आठवला. आमच्या गावात नदीचं पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर आकारणी रजिस्टरं पंख्याखाली उलगडून ठेवली होती, शाई पानभर पसरलेली. लोक माफीचे अर्ज घेऊन येत होते आणि मार्चपर्यंतच्या वसुलीचं उद्दिष्ट जसंच्या तसं टेबलावर होतं. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने मला भिंतीवर छातीएवढ्या उंचीची चिखलाची रेघ दाखवली आणि म्हणाला, "साहेब, पाणी नदीचं, चिखल माझा आणि बिल तुमचं. मग सरकार कशात आहे?" मी म्हणालो, माफीचा अधिकार मला नाही. खरंच नव्हता. पण नगरपरिषदेने माफ केलं असतं तर सफाई कामगारांचा पगार कशातून निघणार होता, हे त्याला सांगायचं माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळलं. ज्या कामगारांच्या पगाराची मला काळजी, तेच त्याच्या दुकानातला चिखल उपसत होते.

मार्गेटहून आणलेलं ते बिल आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मे १९४० चा शिक्का ठळक, त्याच्या शेजारी कोरा चौकोन. त्या घरातली माणसं गेली, की घर पडलं, की ती परत येऊन नव्या बिलावर भरू लागली, कळायला मार्ग नाही. आमच्या मागणी रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा रकाना असे. बेल वाजवून कुणी आलं नाही की मी तिथे लिहायचो, 'घर बंद'. चौतीस वर्षांत हजारदा लिहिलं असेल, आणि लिहिताना मनात हेच की कुठेतरी दडून बसलाय. परवा काच पुसताना पेन्सिल हातात होती, सवयीने त्या कोऱ्या चौकोनाकडे वळली. घर बंद, एवढंच लिहिता आलं असतं. ते कुणी बंद केलं, हा रकाना त्यांच्या बिलातही नव्हता आणि आमच्या रजिस्टरातही नव्हता.